निकष सतरा: पालकांची संमती

मी सॉफ्टवेअर लिहीत नाही. ते पूर्ण झालं असं केव्हा म्हणायचं, ते मी लिहिते. माझं काम कुणाला समजावून सांगायला लागले की मी नेहमी इथेच अडकते. शेजारच्या काकूंना अजून वाटतं की मी कॉम्प्युटर दुरुस्त करते. खरं काम असं: ग्राहकाबरोबर बसायचं, त्याला काय हवंय ते एकेका वाक्यात उतरवायचं आणि खाली त्याची सही घ्यायची. या वाक्यांना आम्ही स्वीकृतीचे निकष म्हणतो. सॉफ्टवेअर तयार झालं की एकेक निकष तपासायचा आणि त्याच्यापुढे ‘पास’ किंवा ‘नापास’ लिहायचं. सगळे पास झाले की काम संपलं.

निदान मला तसं वाटत होतं.

ऐरोलीच्या एका मोठ्या कंपनीत दहा वर्षं काढून मी नवीन पनवेलच्या छोट्या कंपनीत आले, कारण ती सुकापूरच्या आमच्या घरापासून रिक्षेनं दहा मिनिटांवर होती. ऑफिस एका फरसाणाच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर. दुपारी तीनच्या सुमारास खाली शेव पाडायला घेतली की वर कुणाचं कामात लक्ष लागायचं नाही. आम्ही सगळे मिळून आठ जण. कंपनीचे मालक, म्हणजे आमचे सर, घाई अंगात भिनलेले गृहस्थ. उभ्यानंच चहा प्यायचे आणि उभ्यानंच मीटिंग घ्यायचे.

मी आले त्याच महिन्यात पनवेलमधल्या एका धर्मादाय रुग्णालयाचं काम मिळालं. तिथे तोवर केसपेपर हातानं निघायचे, कार्बन घालून. आता ते सगळं कॉम्प्युटरवर आणायचं होतं. पेशंट आला, नाव-गाव-वय भरलं, नंबर मिळाला, डॉक्टरकडे गेला. एवढंच. मी तीन आठवडे तिथे बसून निकष लिहिले, विश्वस्तांनी प्रत्येक पानावर सही केली. इतकी नीटनेटकी यादी मी क्वचितच केली असेल.

मग कायदा आला. म्हणजे कायदा आधीच झाला होता. लोकांची वैयक्तिक माहिती कुणी, कशी आणि किती घ्यावी याबद्दलचा. पण तो अमलात कसा आणायचा याचे नियम यायचे होते. आधी मसुदा आला, मग हरकती, मग अंतिम नियम, तेही टप्प्याटप्प्यानं लागू होणार. विश्वस्तांना कुणीतरी सांगितलं की चूक झाली तर जबर दंड आहे. त्यांनी सरांना फोन केला, आणि सर माझ्या टेबलापाशी आले, उभेच.

“एक छोटासा बदल आहे,” ते म्हणाले.

तो पहिला. फॉर्मच्या तळाशी आम्ही बारीक अक्षरात एक ओळ टाकली होती, माहिती देण्यास माझी संमती आहे अशी. ती चालणार नव्हती. संमतीची सूचना वेगळी हवी, सोप्या भाषेत हवी, पेशंटला हव्या त्या भाषेत वाचता यायला हवी. मी निकष बदलला. पंधरा दिवसांनी दुसरा: दिलेली संमती मागे घेणं हे देण्याइतकंच सोपं हवं. म्हणजे नवा स्क्रीन. मग जुनी माहिती किती दिवस ठेवायची. मग, ती पुसताना आधी कळवायचं का.

आमचा डेव्हलपर तिशीचा, कळंबोलीहून यायचा. कामाला चोख आणि तोंडाला फटकळ. एका सकाळी त्यानं माझ्यासमोर लॅपटॉप आणून ठेवला.

“ताई, हे चार निकष शुक्रवारी पास होते. आज नापास दाखवताय. मी मधे कोडला हातसुद्धा लावलेला नाही.”

“कोड तोच आहे. निकष बदललाय.”

“म्हणजे मी घरी झोपलो होतो आणि माझं काम बिघडलं?”

मला हसू आलं आणि लगेच वाईटही वाटलं. कारण माझंही तसंच चाललं होतं. रोज सकाळी उठल्यावर मी आधी दिल्लीच्या मंत्रालयाची वेबसाइट उघडायचे. भाजी निवडताना मधेच हात पुसून मोबाइल बघायचे. कुठे काही खुलासा आलाय का, कुठल्या वकिलानं काही नवा अर्थ लावलाय का.  दहा वर्षं मी पायाखालची जमीन घट्ट धरून काम केलं होतं. सही झालेला कागद म्हणजे जमीन. आता सही झालेला कागद पंधरा दिवससुद्धा टिकत नव्हता.

सासरे निवृत्त होण्याआधी तहसील कचेरीत कारकून होते. पेपरात त्या कायद्याबद्दल काही आलं की ते कात्रण कापून माझ्या चहाच्या कपाखाली ठेवायचे.

“तुझ्या कायद्याचं आज पुन्हा आलंय,” असं म्हणायचे, जणू तो माझ्या माहेरचा कुणी नातेवाईक होता.

एकदा ते म्हणाले, “नियम वाचताना शेवटचं पान आधी वाचावं. आमच्याकडे साहेब लोक पुढचं वाचून सही करायचे आणि मागच्या परिशिष्टात फसायचे.”

मी हो म्हटलं. आणि खरंच, मी परिशिष्ट वाचलं होतं. हे इथे मुद्दाम सांगते, कारण पुढे जे झालं ते मला माहीत नव्हतं म्हणून झालं असं कुणाला वाटू नये.

अठरा वर्षांखालच्या मुलाची माहिती घ्यायची तर पालकांची संमती हवी, आणि ती देणारा खरंच पालक आहे याची खात्री करून घ्यायला हवी, असं नियमांत होतं. परिशिष्टात काही जणांना यातून सूट होती. मुलांच्या आरोग्यासाठी गरज असेल तेवढ्यापुरती दवाखान्यांनाही होती. पण ‘तेवढ्यापुरती’ म्हणजे किती? नाव चालेल, पण पत्ता? आजाराचा इतिहास? मी त्या ओळीसमोर पेन्सिलनं प्रश्नचिन्ह काढलं आणि रुग्णालयाच्या कायदा सल्लागारांना मेल केला. त्यांचं उत्तर आलं, “तपासून सांगतो.” नंतर काही आलं नाही.

मी सरांना विचारलं.

“थांबायला वेळ नाही,” ते म्हणाले. “चाचणीची तारीख विश्वस्तांना दिलीय. कडक ठेवा. कायद्याच्या बाबतीत जास्त कडक असलेलं कधीही बरं. सैल राहिलो तर नाक कापलं जाईल.”

मग मी निकष सतरा लिहिला. पेशंटचं वय अठराच्या खाली असेल, तर आई, वडील किंवा कायदेशीर पालक यांच्या मोबाइलवर ओटीपी जाईल. तो भरल्याशिवाय नोंदणी पुढे सरकणार नाही. कायदेशीर पालक असेल तर कागदपत्र जोडावं लागेल. अपघात विभाग वगळता ही अट सगळीकडे लागू राहील.

डेव्हलपरनं वाचून विचारलं, “आणि आजी घेऊन आली तर?”

“निकषात नाही,” मी म्हटलं.

“हो, पण येणारच ना. आमच्याकडे मला डॉक्टरकडे आजीच न्यायची.”

“आधीच किती बदल झालेत बघ. नवीन काही काढू नकोस.”

त्यानं खांदे उडवले आणि मी सांगितलं तसं करून दिलं.

चाचणी एका सोमवारी सकाळी ठेवली. नोंदणीच्या चार खिडक्यांपैकी एकाच खिडकीवर नवीन सॉफ्टवेअर चालणार होतं, आणि त्या खिडकीवर बसणाऱ्या बाईंना रुग्णालयात सगळे आपा म्हणायचे. पनवेलच्याच, पन्नाशी उलटलेल्या. भाऊ आखातात, त्या इथे म्हाताऱ्या आईबरोबर. वीस-बावीस वर्षं त्याच खिडकीवर होत्या. कॉम्प्युटरशी त्यांचं पटत नव्हतं. प्रशिक्षणाच्या वेळी दोन बोटांनी टाइप करत, प्रत्येक बटणाला नावं ठेवत होत्या. हिरवा रंग डोळ्यांना त्रास देतो, अक्षरं मुंगीसारखी आहेत, माउसची वायर आखूड आहे. मला त्यांचा राग यायचा. मी मनात म्हणायचे, यांना बदल नकोच आहे.

मी त्यांच्या मागे खुर्ची टाकून बसले, मांडीवर वही. पहिले पंधरा-वीस पेशंट नीट गेले. मी एकेका निकषासमोर पास लिहीत होते. आपांचा वेगही वाढला होता. सकाळभरात पहिल्यांदा मी खुर्चीला पाठ टेकली.

तेवढ्यात एक बाई खिडकीशी आली. उरणजवळच्या करंजा बंदरावरची. काष्ट्याचं लुगडं, केसांत अबोलीचा गजरा, बरोबर नऊ-दहा वर्षांची मुलगी. मुलीनं उजवा हात छातीशी धरला होता आणि त्याला जुन्या ओढणीची चिंधी गुंडाळलेली होती.

“माझी नात हाय,” बाई म्हणाली. “मासली निवडताना शिंगाल्याचा काटा घुसला हातान. परवापासून. हलद लावली, काय उतरत नाय. राती ताप आला.”

आपांनी नाव भरलं. वय भरलं. स्क्रीनवर लाल चौकट आली.

“मुलीच्या वडिलांचा मोबाइल नंबर सांगा.”

“बापूस दर्यावर हाय. तिथं कुठला फोन?”

“आईचा?”

“आय नाय तिला. दोन वरसं झाली.”

आपांनी माझ्याकडे वळून पाहिलं. मी म्हटलं, “यांचाच नंबर टाकून बघा.” त्यांनी टाकला. नातं विचारलं गेलं. यादीत आई होती, वडील होते, कायदेशीर पालक होतं. आजी नव्हतं. आपांनी कायदेशीर पालक निवडलं. स्क्रीननं कागदपत्र मागितलं.

“काय कागद आहे का तुमच्याकडे, ही तुमच्या ताब्यात आहे असा?”

बाईला प्रश्नच कळला नाही. “कोनाच्या ताब्यात? माझी नात हाय ना ती.”

“एकदा मागे जाऊन परत करून बघूया,” मी म्हटलं. मला खरंच बघायचं होतं. मागे जाऊन वय न भरता पुढे जाता येतं का, चुकीचा ओटीपी टाकला तर काय होतं. असा खरा प्रसंग चाचणीत सहज मिळत नाही. आपांनी परत केलं. पुन्हा लाल चौकट. तिसऱ्यांदा केलं. कुठूनही वाट नव्हती. डेव्हलपरनं काम पक्कं केलं होतं. मागची रांग दाराबाहेर गेली होती, कुणीतरी ओरडत होतं.  मुलगी खिडकीच्या कडप्प्याला कपाळ टेकवून उभी होती, कदाचित दगड गार होता म्हणून.

मी वहीत लिहिलं: नि. १७ – पास.

“मॅडम,” आपा म्हणाल्या, “आत्ता काय लिहिलंत?”

“काही नाही. नोंद.”

“पास लिहिलंत.”

 आपांनी कीबोर्ड बाजूला सरकवला, खालच्या खणातून जुन्या केसपेपरांचं पॅड काढलं, कार्बन घातला आणि भराभरा लिहून कागद फाडला. “पाच नंबरला जा, मावशी. सरळ आत जा. विचारलं तर सांगा आपानं पाठवलंय.” मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “बच्ची उभी राहू शकत नाही आणि आपण खेळतोय. अल्ला माफ करे.”

त्या ‘आपण’ म्हणाल्या. ‘तुम्ही’ म्हणाल्या असत्या तर मला कदाचित वाद घालता आला असता.

पुढचा तासभर मी त्याच खुर्चीवर होते, पण काय तपासलं ते आठवत नाही. वहीतला तो शब्द खोडावा असं वाटत होतं आणि खोडवत नव्हतं, कारण तो बरोबर होता. सॉफ्टवेअरनं अक्षरशः मी लिहिलं होतं तेच केलं होतं. दुपारच्या सुट्टीत मी पहिल्या मजल्यावर गेले.

मुलीला दाखल करून घेतलं होतं. तळहातात पू झाला होता, चिरा देऊन काढावा लागणार होता. आजी वॉर्डबाहेरच्या बाकावर बसली होती, डाव्या हाताच्या अंगठ्याची शाई लुगड्याला लागू नये म्हणून हात लांब धरून. चिरा देण्याच्या संमतीपत्रावर तिचा अंगठा घेतला होता. तो चालला होता. मुलीचा हात कापायला आजीची परवानगी पुरत होती, आणि तिचं नाव लिहायला पुरत नव्हती. ते नाव न लिहिण्याची अट मी घातली होती.

“तुमीच ना मशिनीजवल बसलेल्या?” तिनं विचारलं.

“हो.” मी तिच्या शेजारी बसले. “चूक माझीच होती. तुम्हाला उगाच उभं केलं.”

“आमाला उभं ऱ्हायची सवय हाय,” ती म्हणाली. रागानं नाही, सहज. मग तिनं कमरेच्या पिशवीतून छोटा फोन काढला. “याच्यान नाखव्याचा नंबर हाय, बोटवाल्याचा. माझा फोन उचलतो, पन माझं ऐकून घेत नाय, आनि डाक्टर काय बोलतात ते मला सांगता येत नाय. तुमी बोला. पोराला कलवा म्हनावं.”

मी फोन लावला. बोटीचा मालक करंजा बंदरावरच होता, मागे लिलावाची ओरड ऐकू येत होती. मी सांगितलं, हात सुजलाय, पू काढताहेत, आजी बरोबर आहे, वडिलांना कळायला हवं. तो म्हणाला, “संध्याकाळी वायरलेसवर बोलणं होतं, सांगतो. पण ते आता परत फिरायचे नाहीत, मॅडम. अजून आठ दिवस.”

दुसऱ्या दिवशी ऑफिसला जाण्याआधी मी पुन्हा वॉर्डात गेले. निरोपाचं उत्तर आलं होतं. वडिलांनी सांगितलं होतं, मुंबईला न्यावं लागलं तरी न्या, माझी वाट बघू नका. आजीनं ते मला दोनदा सांगितलं. मी मनातल्या मनात आमचा फॉर्म आठवून बघितला. ही संमती लिहायला त्यात जागा नव्हती.

मी डॉक्टरांना गाठून विचारलं, खिडकीवर जो वेळ गेला त्यानं काही बिघडलं का. ते म्हणाले, “नाही हो. दोन दिवस घरीच गेले होते. त्यापुढे तुमची वीस मिनिटं काहीच नाहीत.” त्यांना वाटलं मला बरं वाटेल. मला बरं वाटलं नाही. वीस मिनिटांनी नुकसान झालं नाही, हा योगायोग होता. त्याचं श्रेय माझ्या यादीला नव्हतं.

त्या संध्याकाळी मी सासऱ्यांना सगळं सांगितलं. 

“परिशिष्ट वाचलं नव्हतंस?”

“वाचलं होतं. प्रश्नचिन्हही काढलं होतं.”

“मग?”

“उत्तर आलं नाही. तारीख जवळ आली होती. मी प्रश्नचिन्ह खोडलं.”

“हं,” ते म्हणाले. “कचेरीत मीही खोडली आहेत.” आणि उठून आत गेले. त्या दिवसानंतर कपाखाली कात्रणं येणं बंद झालं. त्यांनी माझी कीव केली की स्वतःचं काही आठवलं, ते मी विचारलं नाही.

ऑफिसमध्ये मी सरांना म्हटलं, निकष सतरा मागे घ्यायचा आहे.

“पण तो पास झालाय ना?”

“झालाय. म्हणूनच.”

ते पहिल्यांदाच खुर्चीवर बसले. “हे बघा. सतरा पासच राहू दे. आपण सतरा-अ लिहू. अपवाद म्हणून. विश्वस्तांना चूक झाली असं सांगायची काय गरज आहे?”

“सतरा-अ लिहिला तर उद्या कुणीतरी विचारेल, कायद्यात आहे का हा अपवाद. कायद्यात अपवाद आहेच, सर. कायद्यानं त्या मुलीला अडवलंच नव्हतं. अडवलं आपण, आणि नाव कायद्याचं लावलं.”

डेव्हलपर दारात उभा होता. “मी तेव्हा विचारलं होतं, आजी आली तर,” तो म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता, पण मला ते ऐकावंच लागलं.

“हो,” मी म्हटलं. “विचारलं होतंस. मी ऐकलं नाही.”

सरांनी सल्लागारांना फोन लावला, स्पीकरवर. सल्लागार म्हणाले, आरोग्यसेवेपुरती सूट आहेच की, हे मी सांगितलं नव्हतं का? नव्हतं सांगितलं. पण त्यावर भांडायचा सगळ्यांत कमी अधिकार मला होता. सरांनी हात कपाळावर ठेवला, मग म्हणाले, “लिहा. निकष चुकीचा होता, असंच लिहा. विश्वस्तांकडे मी जातो.” ते गेले, आणि परत आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. नव्या नोंदणीच्या उद्घाटनाची तारीख पुढे गेली होती आणि निमंत्रणपत्रिका वाटून झाल्या होत्या. ते माझ्यावर चिडले नाहीत. पण पुढचे बरेच दिवस ते माझ्या टेबलापाशी थांबले नाहीत, लांबूनच बोलायचे.

मी यादी पहिल्यापासून पुन्हा लिहायला घेतली. या वेळी प्रत्येक निकषासमोर दोन रकाने केले. एकात, कायदा किंवा नियम नेमकं काय म्हणतो, त्याच्याच शब्दांत. दुसऱ्यात, आम्ही काय ठरवलं, कुणी ठरवलं आणि का. लिहायला बसले तेव्हा लक्षात आलं की दुसऱ्या रकान्यात बऱ्याच ठिकाणी ‘का’ समोर लिहायला एकच शब्द होता: भीती. तो मी तसाच लिहिला नाही, पण तिथले निकष सैल केले. जिथे उत्तर माहीत नव्हतं तिथे ‘माहीत नाही’ लिहिलं आणि विचारणा कुणाकडे गेली आहे तेही. अशी यादी मी आयुष्यात ग्राहकाला दिली नव्हती. ती अर्धवट दिसत होती. नातेवाइकांच्या यादीत आजी, आजोबा, मामा, काका, शेजारी, ‘सोबत आलेली व्यक्ती’ आली. मुलांसाठी नोंदणी आधी, आणि पालकांशी जे बोलणं व्हायचं ते नंतर, असा क्रम लागला. खिडकीवर कागदी पॅड कायम राहील, हाही एक निकष झाला. डेव्हलपर म्हणाला, सॉफ्टवेअरच्या यादीत कागद? पण त्यानं तो काढायला सांगितलं नाही.

मुलगी दोन आठवडे ड्रेसिंगला येत होती. मला ती एकदाच दिसली. जखम भरत आली होती, मधलं बोट पूर्ण वळत नव्हतं. डॉक्टरांनी तिला रबरी चेंडू दाबायला दिला होता आणि ती तो दाबायच्या ऐवजी भिंतीवर मारत होती. तिनं मला ओळखलं नाही. आजीनं ओळखलं आणि मासळी सुकलीय, घेऊन जा म्हणाली. मी घेतली नाही, आणि नंतर वाटलं, घ्यायला हवी होती.

नवी यादी घेऊन मी विश्वस्तांकडे जाण्याआधी आपांकडे गेले. त्यांची सही कुठल्याही करारात लागत नव्हती. मी शेवटच्या पानावर त्यांच्यासाठी एक रेघ आखून घेतली होती.

“मी सही करू? मला काय कळतं त्यातलं?”

“खिडकीवर तुम्ही असता.”

त्यांनी चष्मा लावला आणि वाचायला घेतलं. सगळं. गर्दी ओसरलेली दुपार होती तरी मधे मधे पेशंट येत होते, त्या केसपेपर काढून देत होत्या आणि परत बोट ठेवलेल्या ओळीवर येत होत्या. हिरवा रंग बदला, असं त्यांनी पुन्हा सांगितलं. मी ते लिहून घेतलं. या वेळी स्क्रीनकडे पाहिलं की त्यांचे डोळे पाणावतात हे मला दिसलं.

संमतीच्या सूचनेपाशी त्या थांबल्या. सूचना सोप्या मराठीत होती, उर्दूत होती, हिंदीत होती. मला तिचा अभिमान होता.

“ज्याला वाचता येत नाही त्याचं काय?”

“तुम्ही वाचून दाखवाल.”

“सोमवारच्या गर्दीत? दीडशे लोकांना?” त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला. “आणि वाचून दाखवलं तरी कळलं की नाही, ते कोण पास करणार?”

 सकाळीच एक नवीन खुलासा आल्याचं डेव्हलपरनं कळवलं होतं, तोही अजून वाचायचा होता.  मी पेन काढलं आणि त्या निकषासमोर दुसऱ्या रकान्यात लिहिलं: माहीत नाही. विचारणारी व्यक्ती: नोंदणी खिडकी क्रमांक दोन.

आपांनी वाकून बघितलं, माझं अक्षर नीट वाचलं, आणि म्हणाल्या, “सही नंतर. आधी याचं काय ते करा.”

मी यादी बॅगेत ठेवली आणि तिथल्याच बाकावर बसून डेव्हलपरला फोन लावला, सूचना आवाजात ऐकवता येईल का ते विचारायला.